वाळवंटीवरची एक रात्र

[दृश्य: साखळीचा बाजार, संध्याकाळ. कॅमेरा पुलावरून नदीकडे वळतो. पलीकडे विठ्ठलापूर.]

गोव्याच्या डिचोली तालुक्यात, साखळी आणि विठ्ठलापूरच्या मधून वाळवंटी वाहते. पुढे ती मांडवीला मिळते. पावसाळ्यात साखळीच्या बाजाराला हिची धास्ती असते. कार्तिकात मात्र पाणी निवळलेलं, संथ, बिनलाटेचं. आज त्रिपुरारी पौर्णिमा आहे. विठ्ठल मंदिरासमोरच्या काठावर माणसं संध्याकाळपासूनच जागा धरून बसली आहेत. पाण्यात नौका उतरायला अजून बराच वेळ आहे.

[दृश्य: काठावर ओळीने झाकून ठेवलेल्या नौका. एकावरचं कापड वाऱ्याने उडतं, आतलं कागदी शिखर दिसतं.]

यांना नौका म्हणतात खरं, पण त्यांत कुणी बसत नाही. जहाज, देऊळ, मोर, रथ असा एखादा देखावा तरंगत्या तळावर उभा करायचा, आतून उजळायचा आणि अंधारात पाण्यावर सोडायचा. बघणारा वरचा देखावा बघतो. जाणकार आधी तळ बघतो.

[दृश्य: अंगणात तळ बांधण्याचं काम. हात, सुतळी, बांबूच्या कामट्या.]

जुना तळ केळीचा. तुळशीचं लग्न नुकतंच झालेलं असतं, घड काढलेल्या केळीही परसात असतात. दीड-दोन मीटरचे तीन-चार खांब शेजारी शेजारी ठेवायचे, बांबूच्या टोकदार कामट्या आडव्या आरपार घालायच्या आणि दोन्ही टोकं सुतळीने आवळायची. केळीच्या सोपांत, म्हणजे खोडाच्या एकावर एक पापुद्र्यांत, हवेच्या पोकळ्या असतात, म्हणून खांब तरंगतो. पण तो ताजाच हवा. चार दिवस आधी तोडून ठेवला तर सोपं सुटतात, कामटीची भोकं रुंदावतात आणि ऐन पाण्यात खांब एकमेकांपासून सरकायला लागतात. त्यामुळे देखावा आठवडाभर आधी तयार करा हवा तर, केळ मात्र आदल्या दिवशी तोडा.

दुसरा तळ थर्माकोलचा. हिशोबाला सोपा. २ मीटर लांब आणि ६० सेंटिमीटर रुंद तळ घेतला, तर त्यावर १२ किलो ठेवले की तो १ सेंटिमीटर खाली जातो. सगळा देखावा बॅटरीसकट ३० किलोचा धरला, तरी तळ जेमतेम अडीच सेंटिमीटर बुडणार. म्हणजे वजनाने नौका बुडेल ही भीती बहुतेक वेळा फुकटची असते. तिला खरा धोका कलंडण्याचा, आणि त्याकडे आपण थोड्या वेळाने येऊच.

थर्माकोलचं दुखणं वेगळंच आहे. रबराचं सोल्युशन किंवा स्प्रेचा रंग थेट लावला की तो विरघळतो, खड्डे पडतात. आधी पाण्यात कालवायच्या रंगाचे दोन हात द्यावे लागतात. शिवाय त्याचे पांढरे मणी. एक कोपरा तुटला की ते नदीभर होतात आणि गोळा करता येत नाहीत.

[दृश्य: रिकाम्या बाटल्यांची झाकणं घट्ट आवळणारे हात. बाटल्या बांबूच्या चौकटीत बसवल्या जातात.]

आमची पसंती तिसऱ्या तळाला. शीतपेयाच्या २ लिटरच्या रिकाम्या बाटल्या, झाकणं घट्ट लावून, बांबूच्या चौकटीत. एक बाटली पूर्ण पाण्याखाली गेली तर सुमारे २ किलो उचलून धरते. ३० बाटल्या घेतल्या तर ६० किलो. त्यावर ३० किलो ठेवा, त्याहून जास्त नको, म्हणजे बाटल्या निम्म्या वर राहतील. एखादं झाकण गळलं तर त्या बाजूचा एक कोपरा जरा खाली बसतो, नौका जात नाही. रात्र संपली की सगळं सामान मोजून घरी येतं.

तळ कुठलाही असो, पाण्याखालचे जोड बांधायचे, चिकटवायचे नाहीत. पांढरा फेविकॉल पाण्यात मऊ पडतो. अंगणात दगडासारखा घट्ट वाटलेला सांधा तासाभरात निसटतो. बांधायला सुतळी किंवा सुंभ. भिजला की फुगतो आणि गाठ आणखी आवळते. नायलॉनची दोरी मजबूत खरी, पण ओली झाली की तिची साधी गाठ सरकते.

[दृश्य: देखाव्याचा सांगाडा. काड्या, पतंगी कागद, कापड.]

आता कलंडण्याचं. इथे नौकांची स्पर्धा असते, आणि स्पर्धा म्हटली की प्रत्येकाला उंच शिखर हवं असतं, उंच डोलकाठी हवी असते. तळ ६० सेंटिमीटर रुंद आणि देखावा दीड मीटर उंच, वर चारी बाजूंनी कागद मढवलेला. हे शीडच झालं. नदीवर वाऱ्याची एक झुळूक आली की तळाची एक कड पाण्याबाहेर उचलली जाते, आणि एकदा ती उचलली की नौका सावरत नाही. बाजूने सावरायला गेलेला माणूस नेमका शिखराला हात घालतो आणि होतं नव्हतं ते पाण्यात.

उपाय तीन. जड वस्तू तळाशी आणि मधोमध. कागद सगळीकडे न मढवता खिडक्या, जाळ्या, कमानी मोकळ्या सोडायच्या, म्हणजे वारा आरपार जातो. आणि उजेडही त्यातूनच छान सांडतो. तिसरा उपाय कोकणातल्या कुठल्याही नाखव्याला विचारा, उलांडी. होडीच्या बाजूला आडव्या दांड्यांवर जसा तरंगता ओंडका असतो, तशा दोन बाजूंना चार-चार बाटल्यांच्या उलांड्या, तळापासून हातभर लांब. काळ्या कापडाने झाकल्या की अंधारात दिसत नाहीत. उंच देखावा करायचाच असेल तर हा एकच मार्ग.

[दृश्य: जवळून – निळा पतंगी कागद, दंवाने सुरकुतलेला. बोटाला निळा रंग लागतो.]

कार्तिकात रात्री दंव पडतं. पतंगी कागद सैल होतो, पोटं काढतो, कच्चा रंग असेल तर उतरतो. म्हणून नौका शेवटपर्यंत झाकून ठेवतात. कागदाची किंवा कापडाची झालर पाण्यापासून चार बोटं वरच हवी. टेकली की ती वातीसारखी पाणी वर ओढते, वरचं वजन वाढतं आणि पुन्हा तेच, कलंडणं.

[दृश्य: बॅटरी तळाच्या खाचेत बसवली जाते. वायरी. मग सगळं एकदम उजळतं.]

उजेड. १२ व्होल्टची, ७ अँपिअर-अवरची छोटी बॅटरी दोन-अडीच किलोची असते. ती तळाच्या मध्यावर बसवली की दिवेही लागतात आणि बुडाला भारही मिळतो. मीटरला ५ वॅटची एलईडी पट्टी ५ मीटर लावली तर २५ वॅट, म्हणजे सुमारे २ अँपिअर. कागदावर ती साडेतीन तास चालते, प्रत्यक्षात अडीच तास धरा. बॅटरी जुनी असेल तर त्याहून कमी. म्हणून काठावर बसल्या बसल्या सेल्फीसाठी दिवे लावून ठेवू नयेत. परीक्षकांसमोरून जायच्या वेळी नौका पिवळट, मरतुकडी दिसायला लागते ती याच हौसेपायी. वायरीचे जोड बॅटरीच्या पातळीवर नकोत, वीतभर वर घ्या. तारेचा वळसा आधी खाली आणि मग वर, म्हणजे ओघळणारा थेंब जोडापर्यंत पोचत नाही.

काही नौकांवर अजून पणत्या असतात. बघायला त्याच सुंदर. नव्या मातीच्या पणत्या तास-दोन तास पाण्यात बुडवून मग सुकवायच्या, नाहीतर अर्धं तेल मातीच पिऊन टाकते. घरात खोबरेल असतं म्हणून तेच आणलं जातं, पण खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठू लागतं. नदीकाठच्या थंडीत बाटलीतच घट्ट होतं आणि ओतता ओतता मुहूर्त टळतो. तिळाचं तेल घ्या. आणि पणतीवर कागद आलाच तर वीतभराहून जवळ नको.

[दृश्य: अर्काइव्ह किंवा पावसाळी चित्रण – जूनची नदी, बांधलेल्या होड्या, गाणी.]

होड्या सजवण्याची हौस गोव्यात कार्तिकापुरती नाही. २४ जूनला सांजांव, म्हणजे सेंट जॉनचा सण. डोक्यावर फुलापानांचे कोपेल घालून लोक विहिरींत उड्या मारतात आणि शिवोलीला सजवलेल्या होड्या निघतात. त्यानंतर पाच दिवसांनी, २९ जूनला, सांगोड. पावसाळी मासेमारीबंदी असते, होड्या रिकाम्या असतात. दोन होड्या शेजारी बांधून वर फळ्यांचा मंच टाकतात, त्यावर गाणी आणि छोटी नाटकं. इथे दोन होड्यांत अंतर ठेवावंच लागतं. जवळ बांधल्या तर घासतात, आणि मंचही अरुंद झाल्यामुळे डुलतो.

[दृश्य: दिवाडी बेट. मुलाच्या हातात बांबूची नळी. फट्ट असा आवाज.]

मांडवीतल्या दिवाडी बेटावर ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी बोंडेराचा उत्सव. बांदैरा म्हणजे पोर्तुगीज भाषेत झेंडा. हद्दीच्या भांडणात लावलेले झेंडे गावकऱ्यांनी पाडले, त्याची ही आठवण. त्यातलं फोटाश, म्हणजे बांबूची खेळण्यातली बंदूक, जवळून बघण्यासारखं आहे. दोन्ही बाजूंनी उघडी बांबूची नळी, आणि तिच्यात बसणारा दांडा, नळीहून एका फळाइतका आखूड. पहिलं हिरवं फळ दांड्याने टोकापर्यंत ढकलायचं, तिथे ते घट्ट बसतं. दुसरं मागून घालायचं आणि जोरात दाबायचं. मधली हवा कोंडते आणि पहिलं फळ फट्टकन उडतं. दुसरं त्याच्या जागी जाऊन बसलेलंच असतं, पुढच्या बारासाठी. दांडा नळीएवढा लांब ठेवला की दोन्ही फळं बाहेर पडतात आणि खेळ प्रत्येक वेळी पहिल्यापासून.

[दृश्य: पुन्हा वाळवंटी. रात्र. चंद्र वर आलेला.]

विठ्ठलापुरात काठावर त्रिपुरासुराचा वध होतो. तिन्ही पुरं एका रेषेत आली आणि शंकराने एका बाणात ती जाळली, ती ही पौर्णिमा. मग नौका.

[दृश्य: झाकलेली कापडं निघतात. चारजण एक नौका उचलून पाण्याकडे नेतात.]

उतरवताना तळाला धरायचं, देखाव्याला नाही. पुढच्या माणसाने कमरेएवढ्या पाण्यात जाऊन थांबायचं, मागच्यांनी सरकवायचं. काठाशी उथळ पाण्यात तळ वाळूवर टेकला तर ढकलू नका, उचला. टेकलेला तळ ढकलला की केळीच्या कामट्या मोडतात. दोरी पुढच्या टोकाला, पाण्याच्या पातळीजवळ बांधलेली. वर बांधली तर प्रत्येक ओढीला नौका नाक खाली घालते. मागेही एक सैल दोरी हवी, नाहीतर वळणावर मागचं टोक फिरतं आणि शेजारच्या नौकेत घुसतं. दोन नौकांत निदान चार मीटर. पाण्यात उतरणारा पोहणारा असावा, अंगात लाइफ जॅकेट असावं, आणि काठावरच्या एकाने फक्त त्याच्यावर नजर ठेवावी, नौकेवर नव्हे.

दिवे सर्वांत शेवटी, नौका स्थिर झाल्यावर.

[दृश्य: लांबून. अंधारात एकामागून एक नौका उजळतात. खाली पाण्यात त्याच नौका उलट्या. निवेदन थांबतं. अर्धा मिनिट फक्त काठावरचा आवाज.]

[दृश्य: उत्तररात्र. गर्दी ओसरलेली. नौका काठाला ओढल्या आहेत.]

परत आणल्यावर पहिली बॅटरी सुटते, ओली असेल तर पुसून. मग पट्ट्या, मग कागद. बाटल्या मोजल्या जातात. तीसच्या एकोणतीस भरल्या, तर टॉर्च घेऊन दोघं खालच्या अंगाला चालत जातात. केळीचे खांब सुतळी सोडवून काठावर उभे करून ठेवतात. सकाळी कुणाच्या तरी गोठ्यात जायला.