‘भूमिकेला न्याय दिला’ म्हणजे नक्की काय केलं?

नमस्कार मंडळी! आज एका वाक्याबद्दल बोलायचंय. सिनेमाचं कुठलंही मराठी परीक्षण उघडा. कथा सांगून झाली, गाणी झाली, की शेवटाकडे ते येतंच: ‘अमुक यांनी भूमिकेला न्याय दिला आहे.’ बाकीच्यांची ‘साथ उत्तम’. अहो, पण म्हणजे केलं काय त्यांनी? बोलले कसे, उभे कसे राहिले? आणि या भूमिकेसाठी हाच माणूस का? सिनेमाचा निम्मा जीव त्या निवडीत असतो आणि आपण ती एका ओळीत उरकतो. मला याचा मनापासून राग येतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये ‘दशावतार’ आला. मी दादरला पाहिला. शेजारी कुडाळकडच्या एक आजी होत्या, नातवाबरोबर आलेल्या. पडद्यावर दिलीप प्रभावळकरांचा बाबुली मेस्त्री, म्हणजे कोकणातला म्हातारा दशावतारी नट, बोलायला लागला आणि आजींनी नातवाचा हात धरला. हळूच म्हणाल्या, ‘आमच्या गावाक अशेच बोलतत.’ बस! परीक्षण तिथेच झालं.

ऐंशी ओलांडलेला नट मुख्य भूमिकेत घ्यायचा, हा धाडसी निर्णय होता. चिमणराव, ‘चौकट राजा’तला नंदू, ‘लगे रहो मुन्नाभाई’तले गांधीजी, हे सगळं करून झालेला माणूस. पण इथे नावापेक्षा वय कामाला आलं. बाबुलीची नजर अधू होत चाललीय आणि तरी त्याला रंगमंच सोडवत नाही. मेकअपने पिकवलेल्या पन्नाशीच्या नटाला हे जमलं नसतं असं माझं ठाम मत आहे.

आता ‘छावा’. मला माहितीये, इथे कमेंट्स तापणार. विकी कौशलने जीव ओतलाय, वादच नाही. अक्षय खन्नाचा औरंगजेब तर आवाज न चढवता धडकी भरवतो. पण येसूबाई? शृंगारपूरच्या शिर्क्यांची लेक, रायगडावरची महाराणी. रश्मिका मंदानाचे उच्चार ऐकताना मी दर वेळी प्रसंगातून बाहेर पडत होते. सिनेमा हिंदीत आहे हे मान्य, पण ती हिंदीसुद्धा या मातीतल्या बाईची वाटायला हवी होती. यात त्या मुलीवर गरळ ओकणाऱ्यांशी मी अजिबात सहमत नाही. तिने मेहनत केली. निवड तिने केलेली नाही, ती निर्माता-दिग्दर्शकाची. मग प्रश्नही त्यांनाच विचारा ना.

आणि आता माझी सगळ्यात लाडकी निवड. ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’मधली पार्वती, म्हणजे छाया कदम. हॉस्पिटलात स्वयंपाक करणारी, रत्नागिरीकडची बाई. नवरा गेलाय, चाळीतल्या घराचे कागद हाताशी नाहीत आणि बिल्डर दारात. लालबाग-परळला ज्यांचं बालपण गेलं त्यांना ही बाई माहितीये, ती आपल्याच मजल्यावर राहायची. रात्री ती बिल्डरच्या जाहिरातीच्या फलकावर दगड मारते. किती साधा प्रसंग! पण दगड उचलताना ती जशी वाकते, त्यात अभिनय दिसतच नाही. त्या सिनेमाला २०२४ मध्ये कान महोत्सवात ग्राँ प्री मिळाला, त्याचं कौतुक आपण पोटभर केलं. पण त्या वाकण्याबद्दल कुणी लिहिलं?

अंधेरीला आराम नगरमध्ये चक्कर मारा एकदा. सकाळपासून पोरं-पोरी ऑडिशनसाठी गल्लीबोळांतून फिरत असतात. काहींना दारातूनच ‘नॉट फिट’ ऐकून परतावं लागतं. आत गेलं की कॅमेऱ्यासमोर नाव, वय, उंची सांगायची, मग डावीकडे वळा, उजवीकडे वळा. हे पाहिलं आणि मला जयंत सोमलकरांचा ‘स्थळ’ आठवला. त्यातली सविता पाहुण्यांसमोर बसते, पुन्हा पुन्हा तेच प्रश्न: नाव काय, उंची किती. सिनेमा चंद्रपूर जिल्ह्यातल्या गावात केलाय आणि कलाकार तिथलीच माणसं, कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदा उभी राहिलेली. नंदिनी चिकटे मान खाली घालून उत्तरं देते, तेव्हा आवाज जेमतेम ऐकू येतो. शिकलेल्या नटीने तो आवाज नक्की जरा मोठा काढला असता, शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचावा म्हणून. ही मुलगी तसं करत नाही. म्हणून मला तो पाहुण्यांचा प्रसंग दुसऱ्यांदा बघवला नाही.

तर मंडळी, खाली कमेंटमध्ये सांगा, कुठल्या सिनेमात माणूस अगदी चपखल बसला आणि कुठे साफ चुकला. नुसतं नाव नको, एखादा प्रसंग सांगा. हात कुठे होता, नजर कुठे होती, शब्द कसा उच्चारला. पुढच्या व्हिडिओत मी तुमचेच प्रसंग वाचणार आहे.