सर्वदा म्हणजे केव्हा?

श्रोतेहो, नमस्कार.

"प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा; पुन्हा म्हणेन, आनंद करा." ख्रिस्ती घरांत हे वचन कॅलेंडरवर नाहीतर भिंतीवरच्या फ्रेममध्ये हमखास दिसतं. आमच्याकडे ते स्वयंपाकघराच्या दारावर आहे. गॅस संपलेल्या सकाळी त्याच्याकडे नजर गेली की मला चीड यायची. म्हणे सर्वदा!

मग एकदा हे वचन ज्यात आहे ते बायबलमधलं फिलिप्पैकरांस पत्र मी सलग वाचलं. चारच अध्याय आहेत. येशूचा प्रेषित पौल फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला ते लिहितो तेव्हा बेड्यांत आहे. सुटका होईल की मरण येईल, त्याला ठाऊक नाही. आणि आनंदाच्या त्या वचनाच्या जरा आधीच दोन बायकांची नावं येतात, युवदीया आणि सुंतुखे. दोघी सुवार्तेच्या कामात पौलाबरोबर झटलेल्या, आता एकमेकींशी बिनसलेल्या. कशावरून, ते तो सांगत नाही. बरंच केलं, नाहीतर चूक कुणाची, यावर आजवर आपण वाद घालत बसलो असतो. एकचित्त व्हा, अशी तो दोघींना विनंती करतो. मग येतो तो आनंद, आणि त्याला लागूनच, तुमची सहनशीलता सर्वांना कळून येवो.

हे वाचलं तेव्हा माझं आणि माझ्या जावेचं सहा महिने बोलणं नव्हतं. कारण नळाचं पाणी. अंगण एकच, उपासनेला बाक एकच, आणि मधे दोन मुलं बसवलेली.

इथं एक सांगायला हवं. सहनशीलतेच्या नावाखाली बायकांना, गरिबांना गप्प बसवणारे पुष्कळ असतात. पण याच फिलिप्पै शहरात पूर्वी पौलाला आणि त्याचा सोबती सीला याला चौकशीविना फटके मारून तुरुंगात टाकलं होतं. पाय खोड्यात, तरी मध्यरात्री दोघं गाणी गात होते. सकाळी अधिकाऱ्यांनी गुपचूप सोडून द्यायचं ठरवलं, तर पौल हलेना. आम्ही रोमी नागरिक आहोत, आम्हाला चारचौघांत मारलंत, आता स्वतः येऊन बाहेर न्या! रोमी नागरिकाला चौकशीविना मारायला कायद्यानं बंदी होती. ते घाबरले आणि आले.

बायबलमधल्याच याकोबाच्या पत्रात धीराला शेतकऱ्याचा दाखला आहे. पहिला आणि शेवटचा पाऊस मिळेपर्यंत तो वाट पाहतो. येशूच्या त्या देशात पहिला पाऊस पेरणीच्या वेळी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात. शेवटचा मार्च-एप्रिलच्या सुमारास, दाणा भरायला. मधले महिने आभाळावर त्याचा इलाज नसतो, शेतावर असतो. नगरकडे परतीच्या पावसावर रब्बीची ज्वारी पेरणाऱ्याला हे फोड करून सांगायला नको.

मी जावेकडे करंज्यांची ताटली पाठवली. नाताळ होता, निमित्त सोपं होतं. ताटली तीन आठवडे परत आली नाही. रोज भांडी लावताना फळीवरची ती रिकामी जागा दिसायची आणि राग उफाळून यायचा. कधी प्रार्थना केली, कधी नुसतेच डबे आपटले.

चौथ्या रविवारी पुतण्या ताटली घेऊन आला. आपल्याकडे ताटली रिकामी परत देत नाहीत. तिच्यात शेंगदाण्याचे लाडू होते, पाच. बोलणं अजून जेमतेमच आहे, पण परवा नळाला पाणी आलं तेव्हा तिनं माझी कळशी आधी लावली.