चेहरा घासणं थांबवा, त्वचेला सावरू द्या

नमस्कार श्रोतेहो.

चेहरा धुतल्यावर त्वचा ताणल्यासारखी वाटते का? रोजचं साधं मॉइश्चरायझरही चुरचुरतं का? मग बहुधा तुमच्या त्वचेवर उपचारांचाच मारा जास्त झालाय.

मृत त्वचा म्हणून आपण जे घासून काढतो, तो त्वचेचा सर्वांत वरचा थर. पेशी मेलेल्या असल्या तरी त्यांचं काम चालूच असतं. चपट्या पेशींचे साधारण 15 ते 20 पदर आणि त्यांच्या मधे, विटांमधल्या चुन्यासारखा, सिरॅमाइड नावाचे मेद, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लांचा लेप. आतलं पाणी उडू न देणं आणि बाहेरचं त्रासदायक काही आत न शिरू देणं हे त्याचं काम. जुन्या पेशी तशाही रोज आपोआप गळत असतात.

सकाळी स्क्रब, मग मृत पेशी सैल करणाऱ्या ग्लायकॉलिक आम्लाचं टोनर, रात्री रेटिनॉल, म्हणजे पेशींची उलाढाल वाढवणारं अ जीवनसत्त्वाचं रूप. बाटल्या तीन, पण मारा एकाच थरावर. फेसवॉशमधलं सॅलिसिलिक आम्ल तर कुणी हिशेबातही धरत नाही! त्यातून दाह होतो आणि गव्हाळ-सावळ्या त्वचेवर दाहानंतर काळसर डाग उरतात. ते डाग घालवायला पुन्हा घासणं सुरू होतं. कृपा करून हे चक्र इथेच थांबवा.

निदान 2 ते 4 आठवडे स्क्रब, आम्लं, रेटिनॉल सगळं बंद. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध मात्र त्यांना विचारूनच थांबवा. सकाळी नुसतं कोमट पाणी पुरे. रात्री बिनवासाचा सौम्य क्लेन्झर बोटांनी हलकेच फिरवून धुवा. साबण नको; तो अल्कधर्मी असतो आणि निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी. टॉवेलनं फक्त टिपा आणि त्वचा ओलसर असतानाच सिरॅमाइड किंवा ग्लिसरीन असलेलं मॉइश्चरायझर लावा. तेही झोंबलं, तर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर. दिवसा किमान एसपीएफ 30 चं सनस्क्रीन हवंच. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींच्या लांबीइतकं घ्या. चिमूटभर लावून उपयोग नाही. चुरचुरत असेल तर झिंक ऑक्साइडचं निवडा.

त्वचा पूर्ण शांत झाल्यावर, गरज वाटलीच तर, एकच उत्पादन आठवड्यातून एकदा सुरू करा. कोरड्या त्वचेला 5 टक्क्यांच्या आसपासचं लॅक्टिक आम्ल, तेलकट त्वचेला 2 टक्क्यांपर्यंतचं सॅलिसिलिक. त्या रात्री रेटिनॉल नको. झोंबणं म्हणजे गुण येणं, हा समज सोडा. जळजळ टिकून राहिली तर धुवून टाका.

चेहऱ्यावर सूज आली, पाणी झिरपू लागलं किंवा महिनाभरात लाली उतरली नाही, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. जाताना वापरातल्या सगळ्या बाटल्या सोबत न्या, फेसवॉशचीसुद्धा.