७३ दिवस : केनेडींनी माणसं कशी निवडली

(पडद्यावर : १९६०ची कृष्णधवल दृश्यं. मतदान केंद्राबाहेरच्या रांगा.)

८ नोव्हेंबर १९६०. अमेरिकेत जवळपास सात कोटी लोकांनी मतदान केलं आणि जॉन केनेडी निवडून आले. निक्सन यांच्यापेक्षा त्यांना किती मतं जास्त पडली? सव्वा लाखाहूनही कमी. वय ४३. एवढ्या कमी वयात राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक त्याआधी कुणीच जिंकली नव्हती. आणि सूत्रं घ्यायची होती सत्तरीतल्या आयझेनहॉवर यांच्याकडून, दुसऱ्या महायुद्धात दोस्तांच्या फौजा युरोपात उतरवणाऱ्या सेनानीकडून. शपथविधी २० जानेवारीला. हातात ७३ दिवस.

आपल्याकडे निकाल लागला की थोड्याच दिवसांत शपथविधी होतो आणि मंत्री बहुतेक सगळे निवडून आलेल्यांतलेच असतात. अमेरिकेत तसं नाही. तिथे मंत्री व्हायचं तर संसदेतली जागा सोडावी लागते. त्यामुळे राष्ट्राध्यक्ष देशातून कुणालाही उचलून आणू शकतो : कारखान्यातून, विद्यापीठातून, वकिलीच्या कचेरीतून. मुभा मोठी, आणि जोखीमही तेवढीच मोठी.

केनेडींची अडचण वेगळीच होती. गेली चार वर्षं ते निवडून यायला उपयोगी पडतील अशी माणसं जोडत हिंडले होते. निवडून आल्यावर राज्य चालवायला कोण उपयोगी पडेल, याचा शोध घ्यायला वेळच झाला नव्हता. ही गोष्ट त्यांनी जवळच्या लोकांपाशी मोकळेपणानं कबूल केली होती.

तयारी मात्र निवडणुकीच्या आधीच सुरू झाली होती. रिचर्ड न्यूस्टाट हे कोलंबिया विद्यापीठातले राज्यशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी सप्टेंबरातच केनेडींना एक टिपण लिहून दिलं होतं : निवडून आल्यावर पहिल्या दिवसापासून काय करायचं. तसंच टिपण केनेडींनी क्लार्क क्लिफर्ड या मुरब्बी वकिलाकडूनही मागवलं. क्लिफर्ड यांनी ट्रूमन यांच्या काळात व्हाइट हाउसमध्ये काम केलेलं. पण क्लिफर्ड यांच्याशी बोलून मग लिहा, असं केनेडींनी न्यूस्टाट यांना सांगितलं नाही. उलट बजावलं की तुमचं तुम्ही थेट मला द्या. दोघांनी मिळून लिहिलं तर हाती एकच मत येणार, आणि त्यांना निदान दोन हवी होती.

माझ्या मते या ७३ दिवसांतली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट हीच. ती लक्षात ठेवा, कारण पुढे केनेडींना स्वतःलाच तिचा विसर पडला.

(पडद्यावर : वॉशिंग्टन, जॉर्जटाउन. एन स्ट्रीटवरचं विटांचं घर.)

डिसेंबरात सगळ्यांचं लक्ष या घराकडे लागलेलं होतं. केनेडींचं हे राहतं घर, क्रमांक ३३०७. अरुंद गल्ली, समोरच्या फुटपाथवर कॅमेरेवाले आणि वार्ताहर थंडीत कुडकुडत उभे. आत बोलणी व्हायची, मग दार उघडायचं, पायरीवर केनेडी आणि त्यांच्या शेजारी एखादा नवा मंत्री. नेमणुका जाहीर करायची ही त्यांची पद्धत.

या घरात रॉबर्ट लव्हेट आले. ट्रूमन यांचे संरक्षणमंत्री, न्यूयॉर्कमधले वजनदार बँकर. केनेडींनी त्यांच्यापुढे तीन खाती ठेवली : परराष्ट्र, संरक्षण, अर्थ. हवं ते घ्या. लव्हेट यांनी प्रकृतीच्या कारणावरून तिन्ही नाकारली. पण जाताना नावं सुचवून गेले, आणि बघा, पुढे या तिन्ही खात्यांवर जे आले ती नावं लव्हेट यांच्या तोंडून आलेली होती.

त्यातलं एक रॉबर्ट मॅकनमारा. वय ४४. फोर्ड मोटर कंपनीचे अध्यक्ष. फोर्ड घराण्याबाहेरचा माणूस त्या खुर्चीवर आला होता आणि तोही मतदानाच्या दुसऱ्याच दिवशी. खुर्चीवर बसून महिना होतो न होतो, तोच केनेडींचे मेहुणे सार्जंट श्रायव्हर डेट्रॉइटला जाऊन थडकले. अर्थखातं घ्या, नाहीतर संरक्षण घ्या. मॅकनमारा म्हणाले, मी दोन्हीला लायक नाही. मग केनेडींनी त्यांना स्वतः भेटायला बोलावलं. तिथेही मॅकनमारांचं तेच : मला संरक्षण खात्यातलं काही कळत नाही. केनेडींचं उत्तर प्रसिद्ध आहे. संरक्षणमंत्र्यांची शाळा नसते, आणि राष्ट्राध्यक्षांचीही नसते.

दुसऱ्या भेटीला मॅकनमारा एक पत्र घेऊन आले. खात्यातली माणसं मी निवडणार, ही त्यातली मुख्य अट. केनेडींनी पत्र वाचलं आणि शेजारी बसलेल्या धाकट्या भावाच्या, रॉबर्टच्या हातात दिलं. त्यानं वाचलं. हरकत नाही, ठरलं. थोड्याच वेळात दोघं बाहेर पायरीवर उभे राहून घोषणा करत होते. पुढे फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या मुलाला नौदलाचं खातं द्यावं असं केनेडींच्या मनात आलं. निवडणुकीत त्यानं केनेडींसाठी जिवाचं रान केलं होतं. मॅकनमारांनी साफ नकार दिला. आणि केनेडींनी तो ऐकला. दिलेला शब्द पाळला.

परराष्ट्र खात्याचा घोळ जास्त लांबला. केनेडींच्या मनात सिनेटर फुलब्राइट होते. एकाच समितीत बसलेले, चांगले ओळखीचे. पण फुलब्राइट आर्कान्सासचे, आणि शाळांतला वर्णभेद मोडून काढणाऱ्या न्यायालयीन निकालाविरुद्ध दक्षिणेतल्या खासदारांनी १९५६ साली काढलेल्या पत्रकावर त्यांची सही होती. आफ्रिकेतले देश एकामागून एक स्वतंत्र होत असताना असा परराष्ट्रमंत्री जगापुढे कुठल्या तोंडानं उभा राहणार? त्यांचं नाव मागे पडलं. केनेडींच्याच पक्षातले ज्येष्ठ नेते ॲडलाय स्टीव्हन्सन यांना तेच पद हवं होतं. त्यांची बोळवण संयुक्त राष्ट्रांतल्या प्रतिनिधीपदावर झाली. शेवटी रॉकफेलर फाउंडेशनचे प्रमुख डीन रस्क यांची निवड झाली. केनेडी आणि रस्क यांची त्या डिसेंबराआधी ओळखसुद्धा नव्हती.

अर्थखातं डग्लस डिलन यांना. रिपब्लिकन, आयझेनहॉवर यांच्याच परराष्ट्र खात्यात उच्च पदावर असलेले. अमेरिकेतलं सोनं बाहेर चाललं होतं, डॉलरबद्दल शंका होती, वॉल स्ट्रीटला दिलासा हवा होता. राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार म्हणून हार्वर्डचे डीन मॅकजॉर्ज बंडी. आपल्या ओळखीचे अर्थतज्ज्ञ जॉन केनेथ गॅलब्रेथ याच मांदियाळीतले. ते दिल्लीला राजदूत म्हणून आले.

आणि ॲटर्नी जनरल, म्हणजे न्याय खात्याचा प्रमुख? सख्खा भाऊ. रॉबर्ट केनेडी, वय ३५, कोर्टात स्वतंत्रपणे एकही खटला न लढवलेला. हा आग्रह वडिलांचा, जोसेफ केनेडी यांचा. त्यांचं मन वळवायला जॉननी क्लिफर्ड यांना न्यूयॉर्कला पाठवलं; म्हातारा बधला नाही. घराणेशाहीचा आरोप झाला आणि तो रास्तच होता. १९६७ साली अमेरिकेत नातेवाइकांच्या नेमणुकांवर बंदी घालणारा कायदा झाला, त्यामागे या नेमणुकीचीच आठवण होती. तरीही सांगायला हवं की रॉबर्टनं पुढे ते खातं समर्थपणे चालवलं.

(पडद्यावर : हायनिस पोर्ट, केनेडींचं समुद्रकाठचं घर.)

आता थोडं मागे जाऊ. निकालानंतर दोनच दिवसांनी, १० नोव्हेंबरला, केनेडींनी पहिल्या नेमणुका जाहीर केल्या होत्या. दोन्ही जुन्याच : एफबीआय या तपास यंत्रणेचे एडगर हूवर आणि सीआयए या गुप्तहेर संस्थेचे ॲलन डलस कायम. काठावरचा विजय, देश दुभंगलेला, तेव्हा लोकांना स्थैर्य दिसावं हा हेतू. त्या वेळी कुणालाच त्यात वावगं वाटलं नसेल. पण डलस राहिले म्हणजे त्यांच्या फायली राहिल्या. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात डलस आणि त्यांचे सहकारी रिचर्ड बिसेल फ्लोरिडात केनेडींना भेटले. परागंदा क्यूबन लोकांची फौज उभारून कॅस्ट्रोची सत्ता उलथवायची, ही आयझेनहॉवर यांच्या काळातली योजना त्यांनी नव्या राष्ट्राध्यक्षाच्या कानावर घातली.

दुसरी गोष्ट. आयझेनहॉवर यांच्याकडे कुठलाही बेत खालून वर येताना समित्यांमधून घासूनपुसून येत असे. न्यूस्टाट, क्लिफर्ड आणि केनेडी यांना हा पसारा नको होता. त्यांना हवं होतं चाकासारखं कार्यालय : मध्ये राष्ट्राध्यक्ष आणि आऱ्यांसारखे सगळे सल्लागार थेट त्यांना जोडलेले. फेब्रुवारी १९६१मध्ये त्या समित्या गुंडाळल्या गेल्या. जुनं मोडलं, पण त्या जागी नवं अजून बसलेलं नव्हतं.

आणि नेमका त्याच पोकळीत क्यूबाचा बेत पुढे सरकत राहिला. ज्यांनी तो आखला तेच त्याची परीक्षा करत होते. ४ एप्रिलच्या बैठकीत केनेडींनी एकेकाचं मत विचारलं. फुलब्राइट, तेच मागे पडलेले फुलब्राइट, विरोधात स्पष्ट बोलले. इतिहासकार आर्थर श्लेसिंजर यांनी विरोधाची टिपणं लिहिली होती, पण बैठकांत ते गप्प बसले आणि त्याची खंत त्यांनी नंतर लिहून ठेवली. परराष्ट्र खात्यातले रस्क यांच्या खालचे चेस्टर बोल्स यांनी लेखी विरोध केला. ते टिपण रस्क यांच्यापाशीच राहिलं.

१७ एप्रिलला या फौजेतली सुमारे १४०० माणसं क्यूबातल्या बे ऑफ पिग्जच्या किनाऱ्यावर उतरली. तीन दिवसांत खेळ खलास. शंभरावर ठार, अकराशेहून अधिक कैदेत.

केनेडींनी जबाबदारी जाहीरपणे स्वतःकडे घेतली. वर्ष संपायच्या आत डलस गेले. ऑक्टोबर १९६२मध्ये क्यूबात रशियन क्षेपणास्त्रं सापडली, तेव्हा टेबलाभोवती पुन्हा मॅकनमारा, रस्क, बंडी, डिलन हेच होते. या वेळी रॉबर्ट केनेडी आणि केनेडींचे विश्वासू सल्लागार सोरेन्सन यांनाही बसवलं होतं, आणि काही बैठकांना राष्ट्राध्यक्ष मुद्दाम हजर राहिले नाहीत, लोकांनी दबून न जाता भांडावं म्हणून. आधी बहुतेकांचा कल हवाई हल्ल्याकडे होता. अनेक दिवस वाद घालून ते नाकेबंदीवर आले, आणि अणुयुद्ध टळलं. माणसं तीच होती. ऐकून घेण्याची रीत बदलली होती.

(पडद्यावर : नोव्हेंबर १९६३. विमानात शपथ घेणारे जॉन्सन.)

२२ नोव्हेंबर १९६३ला केनेडींची हत्या झाली. उपराष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांना तयारीसाठी एक दिवससुद्धा मिळाला नाही. केनेडींनी निवडलेली माणसं त्यांनी जागेवरून हलवली नाहीत. बंडी १९६६पर्यंत राहिले, मॅकनमारा फेब्रुवारी १९६८पर्यंत, आणि ज्यांच्याशी केनेडींची ओळखही नव्हती ते रस्क जानेवारी १९६९पर्यंत. व्हिएतनामचे बहुतेक सगळे मोठे निर्णय याच तिघांच्या सल्ल्यानं झाले.