माती, मुळं आणि वाटेत सापडलेले दगड

आत्ता स्क्रीनवर जे घराचं चित्र दिसतंय ना, त्यातला हा तपकिरी, हा तांबूस, तो पिवळट, यातला एकही रंग ट्यूबमधून आलेला नाहीये, सगळी माती आहे. आणि ब्रश म्हणाल तर बोट.

चित्रकार जिमी ली सडथ, जन्म 1910, अमेरिकेतलं अलाबामा राज्य. आई रानात औषधी पाला गोळा करायला जायची, तिच्या मागं मागं हे पोरगं फिरायचं आणि मिळेल त्यावर चिखलानं चित्रं काढायचं. आता चिखलानं लहानपणी सगळेच काढतात, पण तो वाळला की तडे जातात, पोपडे सुटतात, एका पावसात सगळं साफ. सडथ यांनी मातीत साखर मिसळून बघितली. साखरेचं पाणी आटताना मातीच्या कणांना धरून ठेवतं, फळीला घट्ट चिकटवतं, आणि हा झाला त्यांचा ‘गोड चिखल’. हिरवा पाहिजे तर गवत नाहीतर पाला थेट प्लायवूडवर घासायचा, काळा पाहिजे तर काजळी किंवा कोळसा. आर्ट स्कूलमध्ये ‘बाइंडर’ म्हणजे रंगाचे कण धरून ठेवणारा पदार्थ, त्याचा जो धडा असतो तो हा माणूस असा शिकलाय, आणि मला वाटतं यालाही शिक्षणच म्हणायला पाहिजे. 1976 मध्ये स्मिथसोनियन या अमेरिकेतल्या मोठ्या संग्रहालय संस्थेनं त्यांना वॉशिंग्टनच्या लोककला महोत्सवात बोलावलं तेव्हा त्यांच्या मागं आयुष्यभराचा मातीचा अभ्यास होता. कुठल्या जागची माती कुठल्या छटेची, कुठली वाळल्यावर फिकी पडते, हे सगळं बोटांना पाठ.

अशा कलाकारांबद्दल बोलताना आपण पटकन म्हणून टाकतो की यांना कुणी शिकवलं नाही. अहो, मातीनं शिकवलं, लाकडानं शिकवलं. आणि लाकूड काही सोपा मास्तर नाही.

बेसी हार्वी यांचं काम बघा. अमेरिकेतल्याच टेनेसी राज्यातल्या अल्कोआ गावी राहणाऱ्या, अकरा मुलांची आई, हॉस्पिटलात साफसफाईचं काम करायच्या. 1970 च्या दशकात त्यांनी झाडांची मुळं, वाकड्या फांद्या, खोडाचे तुकडे उचलून आणायला सुरुवात केली, कारण त्यांना त्यात चेहरे दिसायचे. श्रद्धाळू बाई, लाकडात जीव आहे आणि देव आपल्याला तो दाखवतोय असं त्या मानायच्या. मग त्या त्या लाकडावर थोडा रंग, मणी, शिंपले, कापड, केस, असं काहीबाही लावून आतलं जे दिसलंय ते इतरांना दिसेल एवढंच करायच्या. जरा थांबून ही फांदी बघा, हा खांदा बेसीबाईंनी कोरलेला नाहीये, झाड तिथं तसंच वळलेलं होतं. कुठं हात लावायचा नाही हे कळणं मला तरी सगळ्यात अवघड वाटतं, भलेभले तिथं चुकतात आणि घासून पुसून चांगल्या मुळाचं शोपीस करून टाकतात.

अशा मटेरियलचे हट्ट पण असतात. ओलं मूळ घाईनं उन्हात टाकलं तर ते आकसताना चिरतं, म्हणून सावलीत हळूहळू वाळवायचं. साल ठेवली तर तिच्याखाली किडे राहतात, महिन्याभरानं खाली पिठासारखा भुसा पडलेला दिसला की समजायचं. समुद्रानं किनाऱ्यावर टाकलेल्या ओंडक्यात मीठ मुरलेलं असतं, मीठ हवेतला ओलावा ओढत राहतं, त्यामुळं आधी गोड्या पाण्यात भिजवायचा, पाणी बदलत राहायचं. पाइनचं सुकं फळ ओलं झालं की मिटतं आणि वाळलं की परत उघडतं, कारण त्याच्या प्रत्येक खवल्याला दोन थर असतात आणि ते सारखे फुगत नाहीत, म्हणजे झाडावरून पडून कितीतरी दिवस झाले तरी ते हलतंय! ज्यानं हे एकदा बघितलं तो ते फळ चिकटवताना आधी विचार करेल की ही वस्तू उद्या कुठल्या मापाची असणारे.

आणि शिंपल्यांबद्दल एक सांगूनच टाकतो, रिकामा शंख म्हणजे कचरा नाही, संन्यासी खेकडे (हर्मिट क्रॅब) त्यातच घर करतात. पोतंभर उचलू नका, आतला जीव बघून घ्या.

आता दगड. एप्रिल 1879, फ्रान्समधलं ओतरीव गाव. फर्दिनां शेवाल नावाचे पोस्टमन, वय त्रेचाळीसच्या आसपास, रोजची पायपीट 30 किलोमीटरच्या वर, चालता चालता एका दगडाला अडखळले. दगड इतका विचित्र आकाराचा की खिशात घातला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी गेले तर तिथं त्याहून सुंदर दगड पडलेले. पाण्यानं घासून काढलेला आणि काळानं टणक केलेला वालुकाश्म तो. त्यांनी लिहून ठेवलंय की निसर्गच जर शिल्पकला करत असेल तर गवंडीकाम आणि वास्तुरचना मी करतो, आणि खरंच 33 वर्षं त्या दगडांचा एक महाल बांधत राहिले. आधी खिशातून, मग टोपल्यांतून, मग हातगाडीवरून दगड आणायचे, दिवसा टपाल, रात्री दिव्याच्या उजेडात चुना आणि सिमेंट. पाम वृक्ष, प्राणी, गुहा, धबधबे, मनोरे, जे त्यांनी प्रत्यक्ष कधी बघितलं नव्हतं, बरंचसं पोस्टकार्डांवर आणि सचित्र मासिकांत बघितलेलं. 1912 ला महाल पूर्ण झाला आणि भिंतीवर त्यांनी हिशोबच कोरला, 10 हजार दिवस, 93 हजार तास. गाव त्यांना वेडा म्हणायचं. 1969 मध्ये फ्रान्सनं तोच महाल संरक्षित वास्तू म्हणून जाहीर केला.

चंदीगडचे नेक चंद सैनी यांची गोष्ट तर याहून धाडसाची, कारण त्यांनी सगळं चोरून केलं. सार्वजनिक बांधकाम खात्यात रोड इन्स्पेक्टर, फाळणीत गाव सुटलेलं. नवं शहर उभं राहत होतं आणि त्यासाठी जुनी गावं पाडली जात होती, त्या ढिगाऱ्यातल्या फुटक्या बांगड्या, कपबश्या, फरशा ते सायकलवरून नेऊन साठवायचे, नदीपात्रातले पक्ष्यांसारखे, प्राण्यांसारखे दिसणारे दगड पण. सुखना तलावाजवळच्या जंगलात जिथं बांधकामाला परवानगीच नव्हती तिथं 1950 च्या दशकाच्या शेवटी कामाला लागले, आणि 1970 च्या दशकात अधिकाऱ्यांना पत्ता लागला तोवर कित्येक एकर मूर्तींनी भरलेले. नियमानं पाडायला पाहिजे होतं. पण लोकांनी बाजू घेतली, 1976 मध्ये ते रॉक गार्डन म्हणून सगळ्यांसाठी खुलं झालं, त्यांना पगार आणि मदतीला मजूर मिळाले, 1984 ला पद्मश्री. 2015 साली ते गेले. इथल्या ओळीनं उभ्या असलेल्या मूर्ती जवळून बघा, अंगावर बांगड्यांचे तुकडे आहेत, ते तुकडे कुणाच्यातरी मोडलेल्या घरातले आहेत.

दगड आणि सिमेंट टिकतं, माती आणि मुळांचं तसं नाही. सडथ यांनी म्हातारपणी बाजारातले ॲक्रिलिक रंग वापरले, माती शोधत हिंडणं होईना तेव्हा. 2007 मध्ये ते गेले. आज म्युझियममध्ये त्यांची चिखलाची चित्रं सांभाळायची तर उजेड, दमटपणा, धक्का, सगळ्यावर लक्ष ठेवावं लागतं, आणि ते काम करणारी माणसं आता नव्यानं शिकतायत की साखरेत कालवलेली माती जुनी झाली की कशी वागते.