खोट्या साखरपुड्याची अंगठी आणि तारेचं फाटक

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘काउबॉय प्रेमकादंबरीत खोटा साखरपुडा उघडकीला कसा आणावा’. तिथे मी येणारच आहे. पण बिंग फुटायचं तर आधी ते बांधलेलं असलं पाहिजे, आणि माझं सगळं दुखणं त्या बांधणीत आहे.

इथल्या बहुतेकांनी मिल्स अँड बून वाचनालयातून आणून वाचलंय, त्यामुळे साचा सांगत बसत नाही. दोघं ठरवून खोटं बोलतात, गाव विश्वास ठेवतं, खोट्याचं खरं होतं, पाऊण पुस्तकावर बिंग फुटतं आणि शेवट गोड होतो. तो गोड हवाच. वाचणारी ‘होईल का’ म्हणून वाचत नसते, ‘कसं होईल’ म्हणून वाचत असते, आणि लेखकाची सगळी कारागिरी त्या ‘कसं’मध्ये लागते.

एक शब्द आधी साफ करून घेऊ. काउबॉय म्हणजे मुळात पगारी गुराखी, १८८०च्या सुमारास महिना तीस-चाळीस डॉलरवर राबणारा. त्यांच्यात काळे आणि मेक्सिकन पुष्कळ होते. धंद्याची निम्मी भाषा मेक्सिकन वाकेरोंची, म्हणजे तिथल्या गुराख्यांचीच आहे: ‘ला रेआता’वरून लॅरिएट, म्हणजे फासाचा दोर, ‘दार ला वुएल्ता’, म्हणजे वळसा देणे, त्यावरून ‘डॅली’. दोराच्या फासात जनावर सापडलं की दोराचं मोकळं टोक खोगिराच्या पुढच्या खुंटाला गुंडाळायचं, ती डॅली. त्या वेळी अंगठा वर ठेवायचा असतो. दोर आणि खुंट यांच्यामध्ये अंगठा आला की तुटतो. हे लक्षात असू द्या, पुढे लागेल. आपल्या कादंबरीचा नायक मात्र गुराखी नसतो, रँचचा, म्हणजे गुरं पाळायच्या मोठ्या रानाचा, मालक असतो. हा फरक महत्त्वाचा आहे. ज्याच्या हातून जमीन जाऊ शकते, त्यालाच असलं खोटं बोलायची वेळ येते.

आता दुखणं. कित्येक पुस्तकांत रँच हा नुसता पडदा असतो. नायक टोपी घालतो, घोड्यावर बसतो, सूर्यास्ताकडे बघतो. काम कुठाय? अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या गाय-वासरांच्या रँचला पंचांग असतं. फेब्रुवारी ते एप्रिल गाई वितात. मे महिन्यात वासरांना मालकीच्या खुणेचा डाग देतात. मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला गुरं उन्हाळी कुरणात सोडतात. जुलैत गवत कापून गाठी बांधतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सहा-सात महिन्यांची वासरं आईपासून तोडून विकतात, आणि वर्षाची कमाई बहुतेक त्या एका विक्रीत येते. ज्या लेखकाला हे माहीत आहे, त्याला कथानक शोधावं लागत नाही. ज्याला माहीत नाही, तो जानेवारीच्या बर्फात डाग देत बसतो आणि नायिकेकडून पहिल्याच भेटीत विचारून घेतो, ‘तुमच्याकडे किती गुरं आहेत?’ तिकडे हा प्रश्न म्हणजे पाहुण्याने खुर्चीवर टेकायच्या आत बँकेचं पासबुक मागितल्यासारखं आहे.

दुसरी तक्रार कारणाबद्दल. बँक म्हणते, लग्न ठरलं असेल तरच कर्ज देऊ. अहो, १९७४च्या समान कर्जसंधीच्या कायद्याने अमेरिकेत वैवाहिक स्थितीवरून कर्ज नाकारायला मनाई आहे! नाहीतर आजोबांच्या मृत्युपत्रात वर्षाच्या आत लग्न करायची अट असते. अशी अट तिथल्या न्यायालयांत बहुधा टिकते, पण तिला साखरपुडा पुरत नाही, लग्नच लागतं. म्हणजे गोष्टच बदलली.

मग कारण कुठून आणायचं? कुरणातून. समजा शेजारी एक म्हातारी विधवा आहे, मुलंबाळं गाव सोडून गेलेली. तिचं उन्हाळी कुरण नायक दरवर्षी हातावर हात मारून भाड्याने घेतो. यंदा तिला ते दहा वर्षांसाठी लिहून द्यायचंय, पण इथे राहणाऱ्याला, संसार मांडणाऱ्याला. कुरण गेलं तर त्याला निम्म्या गाई विकाव्या लागतील. तो बोलून जातो, ‘माझं ठरलंय.’ फेब्रुवारीत बोलला, आणि गुरं जूनच्या एक तारखेला सोडायची आहेत. मुदत आपोआप मिळाली. शिवाय ज्या बाईशी खोटं बोलला ती दुष्ट नाही, त्याला लहानपणापासून जेवू घातलेली आहे. खोट्याला वजन येतं ते इथे.

नायिका? समजा बिलिंग्ज शहरातून इथल्या दवाखान्यात सहा महिन्यांसाठी आलेली परिचारिका. तिला इथून चांगल्या शिफारशीवर पुढे जायचंय आणि तिच्या गाडीवरून गावात आधीच कुजबुज आहे. हे गाडीचं नीट सांगतो. मोंटानाच्या साध्या नंबरप्लेटवर पहिला आकडा काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा असतो, एक ते छप्पन्न. बिलिंग्जची यलोस्टोन काउंटी तीन नंबर, पेट्रोलियम काउंटी पंचावन्न. २०२०च्या जनगणनेत पेट्रोलियम काउंटीची लोकसंख्या ४९६ होती, आणि क्षेत्रफळ चार हजार चौरस किलोमीटरहून जास्त. रस्त्यात समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून दखल घेतात, कारण समोरचा ओळखीचाच असतो. अशा ठिकाणी ‘तीन’ आकड्याची गाडी रात्रभर एखाद्या रँचवर उभी राहिली, की सकाळी पोस्टात, पेंडीच्या दुकानात आणि चर्चमध्ये एकच विषय. मोठ्या शहरात खोटा साखरपुडा दोघांचं गुपित असतो. इथे त्याला पाचशे साक्षीदार असतात, आणि त्यातला प्रत्येक जण लग्नात कोणता पदार्थ आणायचा ते ठरवून बसलेला असतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की इथलं खोटं तोंडातून फुटत नाही, हातांतून फुटतं. लोक काय बोललात ते ऐकतात, पण विश्वास ठेवतात तो तुम्ही काम कसं करता त्यावर.

तारेचं फाटक घ्या. तीन-चार पदरी काटेरी तार, मध्ये दोन-तीन सुट्या काठ्या, टोकाला एक जाड काठी. बाजूच्या खांबाला खाली एक तारेचा फास आणि वर एक. बंद करताना काठीचं बूड खालच्या फासात रोवायचं, मग काठीला आणि खांबाला एकाच मिठीत घ्यायचं, खांदा लावून दाबायचं आणि वरचा फास काठीच्या डोक्यावरून सरकवायचा. नुसत्या मनगटाच्या जोरावर जमत नाही. बूड नीट रोवलं नसेल तर काठी निसटून हनुवटीवर बसते. आणि रीत अशी की फाटक गाडीत शेजारी बसलेल्याने उघडायचं, चालवणाऱ्याने नाही. उघडं सापडलं तर उघडं ठेवायचं, बंद सापडलं तर बंद. आता फेब्रुवारीतला तो प्रसंग बघा. दोघं म्हातारीकडे पहिल्यांदा निघालेत, फाटकाशी गाडी थांबते आणि ही वाग्दत्त वधू जागची हलत नाही. त्याच्या शेजारी ती याआधी कधी बसलेलीच नाही, हे खिडकीतून बघणाऱ्याला तेवढ्यावरून कळतं.

दुसरी वस्तू अंगठी. मार्चची रात्र, गोठ्यात पहिलारू कालवड अडलीय. पाण्याची पिशवी दिसून तास उलटला तरी पुढे काही नाही, म्हणजे हात घालायलाच हवा. पुढचे दोन खूर तळवे खाली करून आणि त्यांवर नाक टेकलेलं, असं लागलं तर वासरू सरळ आहे. तळवे वर असतील तर बहुधा उलटं येतंय. साखळीचा एक फास खुरावरच्या सांध्याच्या वर आणि अर्धी गाठ सांध्याच्या खाली टाकायची, म्हणजे ताण दोन ठिकाणी वाटला जातो. एकाच फासावर ओढलं तर पाय मोडतो. कालवड कळ देईल तेव्हाच ओढायचं, आधी एक पाय, मग दुसरा, म्हणजे खांदे एकामागून एक सुटतात. डोकं बाहेर आलं की ओढ खालच्या दिशेने. वासरू पडलं की नाक-तोंड पुसायचं, नाकपुडीत गवताची काडी फिरवायची, शिंकलं की जिंकलं. सहा तासांच्या आत पोटात चीक गेलाच पाहिजे, ज्याचा आपण खरवस करतो तोच.

या कामाला अंगठी घालून कोणी हात लावत नाही. साखळीत अडकली तर बोटाचं कातडं सोलून काढते, आणि तिची कड गाईला आतून ओरबाडते. नायिकेला अंगठी काढावीच लागते. ती कुठे ठेवते? त्याच्या शर्टाच्या चापाच्या बटणाच्या खिशात. पहाटे चार वाजता वासरू उभं राहतं, दोघं कोपरापर्यंत माखलेली, आणि अंगठीची आठवण दोघांपैकी कुणालाच नाही. प्रेमाचा एवढा सरळ पुरावा मला चुंबनाच्या दहा पानांत सापडत नाही.

चिठ्ठी आली आहे, सात मिनिटं. तर मुख्य विषय.

उघडकीला कधी आणायचं? पाऊण पुस्तकाच्या आसपास, म्हणजे आपल्या पंचांगात मेमध्ये, डाग देण्याच्या दिवसानंतर. त्या दिवशी सगळे शेजारी मदतीला आणि जेवायला येतात, दोर टाकायच्या आधी, डॅलीत बोट अडकू नये म्हणून, तोही हातातलं सगळं काढून ठेवतो, आणि तो दिवस दोघांचा सर्वांत सुखाचा असला पाहिजे. कोणी उघडकीला आणायचं? जुन्या प्रेयसीने दाराआडून ऐकलं, फोनवरचा निरोप भलत्याने वाचला, असले मार्ग कृपा करून बंद करा. त्यात दोघांना काही करावंच लागत नाही, नुसतं सापडावं लागतं. कुरणाचे कागद सहीला यायच्या आधी दोघांनी आपल्या पायांनी म्हातारीकडे जाऊन सांगावं. खोट्यात ज्याचं नुकसान, त्याला पहिलं कळलं पाहिजे.

म्हातारी काय म्हणेल? तिला फेब्रुवारीतच कळलं होतं, फाटकापाशी. मग गप्प का राहिली? कारण मार्चमध्ये तिने त्याच मुलीला एकटीने खांदा लावून ते फाटक बंद करताना पाहिलं. मात्र म्हणून कुरण लगेच देऊ नका. तिला राग येऊ द्या, निदान एक प्रकरणभर. ती माफ करते याला किंमत हवी.

ताटातुटीचं कारण यातूनच येतं. कुरण अधांतरी, दवाखान्यातला तिचा करार संपला, शिफारस हातात पडलीय, आणि नायिका अंगठी परत देते. इथे कायदा माहीत असावा. बऱ्याच राज्यांत साखरपुडा मोडला की अंगठी देणाऱ्याकडे परत जाते, कारण ती लग्नाच्या अटीवर दिलेली धरतात. मोंटानाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये हे मानायला नकार दिला. तिथे अंगठी दिली की दिली, तिची झाली. पण भेट ठरायला देणाऱ्याच्या मनात देण्याचा हेतू असावा लागतो. खोट्या साखरपुड्यात तो होता का? कायद्याचा प्रश्न आणि कादंबरीचा प्रश्न इथे एकच होतो, आणि उत्तर नायकालाच द्यावं लागतं.

म्हणून दुसरी मागणी गावासमोर नको. पहिली गावासमोरच झाली होती. तीन नंबरची तिची गाडी सामान भरून निघालेली, तो शेजारच्या सीटवर, मोठ्या रस्त्यापर्यंत सोडायला आलेला. तारेचं फाटक येतं. त्याने म्हणावं, ‘फेब्रुवारीत दिली नव्हती. आता देतोय.’ तिने उत्तर लगेच देऊ नये. आज गाडी ती चालवतेय, म्हणजे उतरून फाटक उघडायचं त्याच्याकडे आलं. त्याने उतरावं, बूड फासातून काढावं, आणि गाडी पुढे जाते की तिथेच बंद होते, ते वाचणारीला त्याच्या पाठीकडून ऐकू यावं.