गटात एकटीच

(पडद्यावर: रिंकच्या काचेला चिकटवलेला निकालाचा कागद. त्यावर एकच नाव, पुसट केलेलं.)

स्पर्धक, एक. क्रमांक, पहिला.

वाचणाऱ्याला हसू येतं. कागद चिकटवणाऱ्या आयोजकाला मात्र येत नाही. ज्या बाईंचं नाव त्यावर आहे त्यांनी प्रवेश शुल्क भरलंय, कोचची फी दिलीय, ऑफिसातून रजा काढलीय आणि बूट-पोशाख गाडीत टाकून दुसऱ्या शहरातून त्या इथवर आल्यात. समोर कुणीच नाही. प्रौढ हौशी स्केटरांची स्पर्धा भरवण्यातली सगळी गोम या एका कागदात आहे. बर्फ भाड्याने मिळतो, परीक्षक बोलावले की येतात, पदकं तर ठोक भावात मिळतात. तोलामोलाचा प्रतिस्पर्धी मात्र शोधावा लागतो.

आपल्याकडे स्केटिंग म्हटलं की चाकांचे बूट आणि हेल्मेट घातलेली शाळकरी पोरं डोळ्यांपुढे येतात. बर्फावरचं फिगर स्केटिंग आपण पाहतो ते टीव्हीवर, हिवाळी ऑलिम्पिक आलं की. २०१८ साली प्योंगचँगला महिलांचं सुवर्णपदक जिंकणारी अलिना झागितोवा तेव्हा पंधरा वर्षांची होती. या खेळात तिशी म्हणजे निवृत्तीनंतरचा काळ. आणि आपण आज ज्यांना भेटतोय त्यांच्यातल्या कितीतरी जणींनी तिशीनंतरच पहिल्यांदा स्केट बांधले.

(पडद्यावर: हिरवे डोंगर, वर अजून बर्फ, खाली केबल कारचं स्थानक.)

हे ओबर्स्टडॉर्फ. जर्मनीचं अगदी दक्षिणेचं टोक, पलीकडे लगेच ऑस्ट्रिया. मागे दिसतोय तो २,२२४ मीटर उंचीचा नेबेलहॉर्न. त्याच्या पायथ्याशी बर्फाचं क्रीडा केंद्र आहे. १९६९ पासून इथे नेबेलहॉर्न ट्रॉफी भरते. ती नामवंतांची स्पर्धा. आणि २००५ पासून आंतरराष्ट्रीय स्केटिंग युनियन, म्हणजे आयएसयू, इथेच प्रौढांची स्पर्धा भरवते.

तीही उन्हाळ्याच्या तोंडावर. बर्फाची स्पर्धा आणि मे महिना, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण त्यामागे आयोजकाचा साधा हिशोब आहे. मार्चमध्ये जागतिक अजिंक्यपद संपलं की मोसम उतरणीला लागतो. परीक्षक मोकळे होतात. युरोपातल्या बऱ्याच रिंकवरचा बर्फ उन्हाळ्यापुरता काढून टाकतात. इथला टिकून असतो. मोठ्या खेळाडूंच्या पंगती उठल्यावर हौशी मंडळींची पानं मांडायची, असा हा मामला. आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

२०११ साली या स्पर्धेत जपानची मिदोरी इतो उतरली. १९८८ मध्ये स्पर्धेत तिहेरी ॲक्सेल, म्हणजे हवेत साडेतीन फेऱ्यांची उडी, मारणारी जगातली पहिली महिला, १९८९ ची जगज्जेती, १९९२ च्या अल्बर्टव्हिल ऑलिम्पिकची रौप्यविजेती. वय तेव्हा एक्केचाळीस. पुढेही ती इथे पुन्हा आली. ती ज्या बर्फावर उतरली त्याच बर्फावर त्याच दिवसांत साधी एका फेऱ्याची उडी मारताना धाप लागणाऱ्या बायकाही उतरल्या. पण दोघी एका गटात नव्हत्या. नसणार, याची काळजी कुणीतरी महिनोन्‌महिने आधी घेतली होती.

ती काळजी म्हणजे एक तक्ता.

उभ्या रांगेत कौशल्याच्या पायऱ्या. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, मास्टर्स. ब्राँझच्या स्केटरने एका फेऱ्याच्या उड्या माराव्यात, पण ॲक्सेल मारायची नाही. ॲक्सेल ही एकच उडी पुढे तोंड करून सुरू होते, म्हणून हवेत अर्धा फेरा जास्त घ्यावा लागतो, आणि मोठ्या वयात शिकणाऱ्यांची गाडी वर्षानुवर्षं अडते ती तिथेच. गोल्डला दोन फेऱ्यांच्या काही उड्या चालतात. मास्टर्समध्ये बहुतेक ते, जे लहानपणी गंभीरपणे खेळले आणि मग नोकरी, मुलंबाळं यांत सुटले. इतोसारख्यांसाठी त्याच्याही वर ‘एलिट’चा कप्पा.

आडव्या रांगेत वय. आयएसयूच्या तक्त्यात अठ्ठावीस ते सदतीस, अडतीस ते सत्तेचाळीस, असे दहा-दहा वर्षांचे वर्ग; साठी-सत्तरीतल्यांनाही जागा. अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रौढ स्पर्धेत पहिला वर्ग एकविसाव्या वर्षी सुरू होतो, आणि पाचवा सहासष्ट व त्यापुढचा.

आता गुणाकार करा. चार पायऱ्या, पाच वयोगट, महिला आणि पुरुष. नुसत्या फ्री स्केटिंगचेच, म्हणजे उड्या-गिरक्यांच्या एकेरी कार्यक्रमाचेच, चाळीस कप्पे झाले. नाट्यमय किंवा विनोदी सादरीकरणाचे, ज्यात उडीपेक्षा अभिनयाला भाव, ते वेगळे. जोड्या वेगळ्या, आइस डान्स वेगळा. आणि प्रवेशिका आल्या समजा शंभर. त्या काही प्रत्येक कप्प्यात सारख्या पडत नाहीत. चाळिशी-पन्नाशीतल्या ब्राँझ-सिल्व्हर बायकांचे कप्पे ओसंडून वाहतात, त्यांचे दोन-दोन गट पाडावे लागतात. आणि साठीतला गोल्डचा पुरुष? तो आला तर एकटाच येतो.

(पडद्यावर: टेबलावर पसरलेल्या प्रवेशिका, दोन हात त्यांच्या चळती करतायत.)

इथे आयोजकाची परीक्षा असते. एकट्या पडलेल्याला शेजारच्या कप्प्यात ढकलायचं, तर कुठल्या बाजूने? वय एकत्र करायचं की पायरी? मोठ्या स्पर्धांमध्ये रिवाज वय एकत्र करण्याचा आहे, आणि आमच्या मते तोच बरोबर. बासष्ट वर्षांच्या स्केटरला पन्नाशीतल्याशी झुंजता येतं; कधीकधी तो तरुणाला मागेही टाकतो. पण ब्राँझवाल्याला सिल्व्हरमध्ये टाकलंत, तर ज्या उडीचा त्याने कधी सरावच केला नाही त्या उडीचे गुण दुसऱ्याला मिळतात. हरणं आधीच ठरलेलं.

उलटी लबाडीही असते. गोल्डचं कौशल्य अंगात असून ब्राँझमध्ये नाव घालायचं आणि पदक उचलायचं. अमेरिकेत यावर चाचण्यांचा लगाम आहे. कोणती चाचणी उत्तीर्ण झालात त्यावरून पायरी ठरते. तरीही कुजबुज होतेच. प्रौढ माणसं पदकासाठी खेळत नाहीत, असं एक गोड वाक्य सगळीकडे ऐकू येतं. निकालाच्या कागदाभोवतीची गर्दी पाहिली की त्यावरचा विश्वास उडतो.

तक्ता झाला की घड्याळ. ब्राँझचा कार्यक्रम जेमतेम पावणेदोन मिनिटांचा. त्यात नाव पुकारणं, जागेवर जाऊन उभं राहणं, नंतर परीक्षकांचे गुण, मिळून चार मिनिटं धरा. सहा जणींची चोवीस. आधी पाच मिनिटं सगळ्यांना मिळून सराव. म्हणजे अर्ध्या तासाला एक गट. तीन गट झाले की बर्फ खरवडलेला असतो. बर्फ पुन्हा गुळगुळीत करणारं यंत्र, झांबोनी, फिरवायचं, पंधरा मिनिटं. अठरा जणींना पावणेदोन तास. सकाळी आठ ते रात्री आठ अशा दिवसात असे सहा फेरे बसतात आणि परीक्षकांच्या जेवणाला दीड तास उरतो. सहा गुणिले अठरा, १०८. जपमाळेचे मणी भरले की दिवस संपला. एकशे नववी प्रवेशिका आली तर दुसऱ्या दिवसाचं भाडं.

झांबोनी हे त्या यंत्राच्या जनकाचं आडनाव. फ्रँक झांबोनी यांनी कॅलिफोर्नियातल्या पॅरामाउंट गावात १९४९ साली ते चालू केलं. वरचा थर तासायचा, चरा धुवायच्या, गरम पाण्याचा पातळ थर अंथरायचा. गरम अशासाठी की तो खालच्या बर्फात नीट मुरतो. आयोजकाला यंत्रापेक्षा ते चालवणाऱ्याशी गोडीत राहावं लागतं, कारण हॉकीला कडक, थंड बर्फ लागतो आणि फिगर स्केटिंगला जरा मऊ, उणे तीन-चार अंशांच्या आसपासचा. कडक बर्फात स्केटची टोकाची दाती रुतत नाही, कडा धरत नाही. तरुण मुलगी त्यातून सावरते. पंचावन्नाव्या वर्षी मनगटावर पडलं की पुढचे सहा आठवडे प्लास्टर.

म्हणून प्रथमोपचाराचं टेबल बर्फाला लागून हवं, तिसऱ्या मजल्यावर नको. आणि सरावाच्या पाच मिनिटांत ब्राँझच्या सहा जणींऐवजी पाचच सोडलेल्या बऱ्या. मागे सरकत उडीची तयारी करताना मान वळवून बघायची सवय लहानपणी लागते. मोठेपणी शिकलेल्यांना ती लागायला वेळ लागतो.

आता गुण कसे द्यायचे? जुनी पद्धत ६.० ची, म्हणजे सहापैकी गुणांची. परीक्षक गुण देतात खरे, पण त्यातून निघतो तो फक्त क्रम. बहुमताने कोण पुढे, कोण मागे. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिम्पिकमध्ये जोड्यांच्या निकालावरून मोठं रान उठलं, आणि २००४ पासून आयएसयूने नवी पद्धत आणली. प्रत्येक उडीला, प्रत्येक गिरकीला ठरलेलं मूल्य, वर ती किती चांगली झाली त्याचे अधिक-उणे. बेरीज म्हणजे तुमचा आकडा.

छोट्या क्लबला नवी पद्धत महाग पडते. परीक्षक लागतातच, शिवाय कुठली उडी झाली, फेरा पूर्ण होता का, हे ठरवणारं तिघांचं तांत्रिक पॅनल, नोंदी करणारा, व्हिडिओ मागे नेऊन दाखवणारा. अमेरिकेत हे अधिकारी मानधन घेत नाहीत, स्वयंसेवक म्हणून येतात, पण त्यांचा प्रवास, मुक्काम, आणि गरम जेवण? परीक्षकांच्या खोलीतलं जेवण कसं होतं यावर पुढच्या वर्षी कोण येणार हे ठरतं, असं म्हणतात. आणि ते पूर्णपणे विनोदाने म्हणत नाहीत. ६.० ला एक पंच, विषम संख्येने परीक्षक आणि एक हिशेबनीस पुरतो.

पण गटात एकटी असलेल्या स्केटरच्या बाजूने पाहा. ६.० मध्ये तिला कळतं की ती पहिली आली. ते तिला घरूनच माहीत होतं. नव्या पद्धतीत तिला आकडा मिळतो, आणि मागच्या महिन्यात दुसऱ्या शहरात मिळालेल्या आकड्याशी तो ताडून बघता येतो. गिरकीचा दर्जा वाढला, फेरा मात्र परत अपुरा धरला. एवढं कळलं की एकटेपणाचं दुःख निम्मं होतं. १९५९ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या आयएसआय या मनोरंजन-स्केटिंगच्या संस्थेने यावर आणखी साधी तोड काढली. गटात कुणी नसेल तर स्केटर ‘पुस्तकाविरुद्ध’ खेळते. ठरावीक किमान गुणांची पातळी गाठली तर पहिला क्रमांक, नाही गाठली तर नाही. निदान हरण्याची सोय झाली.

आणि एकाच स्पर्धेऐवजी स्पर्धांची मालिका लागते ती इथे.

एकुलती एक मोठी स्पर्धा भरवणं आयोजकाला सोपं. अमेरिकेतली पहिली राष्ट्रीय प्रौढ स्पर्धा १९९५ साली डेलावेअर राज्यातल्या विल्मिंग्टनला झाली, आणि तिच्याभोवती पुढे पायऱ्या उभ्या राहिल्या. पूर्व, मध्य-पश्चिम आणि पॅसिफिक किनारा असे तीन विभाग, त्यांच्या विभागीय स्पर्धा, आणि वरच्या दर्जाच्या गटांतून प्रत्येक विभागातले पहिले चार अंतिम स्पर्धेत. बाकीच्यांना मात्र थेट प्रवेश. हा दुसरा नियम आम्हाला पहिल्यापेक्षा शहाणा वाटतो. पन्नाशीतल्या ब्राँझ स्केटरला गाळून काय मिळवायचं आहे?

क्लबांच्या पातळीवर मालिका आणखी साधी ठेवता येते. आसपासच्या तीन-चार शहरांतले क्लब एकत्र येतात, मोसमात एकेक शनिवार-रविवार वाटून घेतात आणि प्रत्येक ठिकाणचे गुण पुढे नेतात. यात एक खाचखळगा असतो. सगळ्या फेऱ्यांची बेरीज धरली, तर जिंकते ती सगळीकडे पोचलेली. ज्या परिचारिकेला एका रविवारी ड्यूटी लागली, ज्याच्या मुलाची परीक्षा होती, ती माणसं न खेळताच हरली. म्हणून चारांतले उत्तम दोन धरावेत. आणि क्रमांकाला गुण देताना गटात किती जण होते हेही मोजावं. आठांत तिसरी आणि एकटीत पहिली, या दोघींना एका मापाने मोजलं की मालिका दुसऱ्याच फेरीला भांडणात बुडते.

मालिकेचा खरा फायदा मात्र गुणतक्त्यात दिसत नाही. एका शहरात एकट्या पडलेल्या साठीतल्या गोल्ड पुरुषाला दुसऱ्या शहरातला तसाच एकटा सापडतो. तिसऱ्या फेरीला दोघं एकमेकांना विचारून नावं घालतात.

(पडद्यावर: रिंकच्या कार्यालयात भिंतीवरचं वेळापत्रक, बहुतेक चौकोन रंगवलेले.)

पुढच्या मोसमाचे तास आत्ताच मागावे लागतात. संध्याकाळ आणि शनिवार-रविवारचा मोठा वाटा हॉकीने आधीच घेतलेला असतो, उरलेल्यात लहान मुलांचे वर्ग. प्रौढांच्या वाट्याला येतो तो पहाटेचा तास. आयोजक तोच घेतात, आणि सरावासाठी तो विक्रीला काढला की कामावर जाण्याआधी येणाऱ्यांच्या नावांनी भरून जातो.